आमची वाटचाल : पडवीतून उद्यमनगरात

2011 साली कोल्हापुरात, घरच्या पडवीत 18 वॅटचा पहिला डाउनलाइट, म्हणजे छतात बसणारा दिवा, जोडला. एलईडी आणि त्याला करंट पुरवणारा ड्रायव्हर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले, उष्णता बाहेर टाकणारा हीट सिंक भंगारातल्या ॲम्प्लिफायरचा. टेबलावर तो रात्रभर चालला आणि आम्हाला वाटलं, जमलं.

2013 मध्ये गुजरी या दागिन्यांच्या बाजारातल्या एका सराफांनी 140 दिव्यांची ऑर्डर दिली. दोन महिन्यांत 37 परत आले. काही निळसर पडलेले, काही लुकलुकणारे. आमच्याच पडवीत सोल्डरिंग शिकून वेगळा झालेला भागीदार तेव्हा पेढीपेढीवर सांगत फिरला, ‘त्यांचा माल दोन महिन्यांचा.’ ते अजून डाचतं. सौ.च्या बांगड्या गहाण ठेवल्या त्याही बँकेत. गुजरीत जायला तोंड नव्हतं.

ते सराफ शेठ मात्र एवढंच म्हणाले, “ॲडव्हान्स राहू दे. दिवे बरे करून आणा.”

त्यांच्या दुकानात शिडीवर बसून थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायचा प्रोब, लावलं. टेबलावर 58 अंश दाखवणारा सिंक तिथे 86 वर! पीओपीच्या बंद छतात हवा हलतच नव्हती. दिवा उघडला तर चूक आमचीही निघाली. एलईडीची उष्णता पाठीमागून तो बसवलेल्या पाटीत, पाटीतून सिंकमध्ये उतरायला हवी. आम्ही मध्ये उष्णता पुढे नेणारी पेस्ट लोण्यासारखी थापली होती. पेस्ट फक्त बारीक खाचा भरायला असते, जाड झाली की तीच अडसर. त्यात स्क्रू दोनच, म्हणून पाटी मधोमध उचललेली.

मग सगळे 140 दिवे परत आणले. सिंकची पाठ काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासली, पेस्ट जुन्या एटीएम कार्डाने ओढली, चार स्क्रू कर्णाकर्णाने आवळले. करंट 500 वरून 400 मिलिअँपिअरवर आणला. प्रकाश थोडा कमी झाला, पण शेठना फरक कळला नाही. ड्रायव्हर सिंकपासून लांब नेला, कारण तापमान वाढलं की दर 10 अंशांना त्यातल्या कॅपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. छताला जाळ्या पाडून घेतल्या.

पुढे स्वस्त बल्बांची लाट आली, आम्ही उद्यमनगरात गाळा घेतला, काम चालत राहिलं.

नव्याने घरी दिवे बनवणाऱ्या पोरांना सांगतो, सिंकला हात लावून अंदाज बांधू नका. प्रोब घ्या, आणि जिथे दिवा बसणार तिथेच दोन तास चालवून मोजा. सिंकच्या फिनांवरची, म्हणजे पात्यांवरची, धूळही काढत जा.

शेठच्या दुकानात दर दिवाळीआधी ब्रश घेऊन मी स्वतः जातो. शिडी त्यांचा मुलगा धरतो.