तुम्ही विचारलंत म्हणून: अभंगच का?

“तुम्ही ख्रिस्ती ना? मग कविता अभंगात कशा लिहिता?” ऑफिसात, सोसायटीत, अगदी कविसंमेलनातही हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं. ठाण्यात चर्च म्हटलं की तलावपाळीजवळचं सेंट जॉन बाप्टिस्ट आठवतं, पण ते कॅथलिकांचं. आम्ही प्रोटेस्टंट, मूळचे नगरकडचे, आमची उपासना मराठीतूनच चालते.

आणि हे आजचं नाही. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघातला धर्मगुरू. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं, तेही ओवीत. मराठीला त्याने फुलांतली मोगरी म्हटलं. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते सांगत. माझ्यासाठी तो पूल आजही रोजच्या वापरातला आहे.

खरं उत्तर मात्र घरातलं आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. ‘पाणी’ म्हणायला जायचे आणि नुसता घोगरा आवाज निघायचा, मग डोळे भरायचे. एका सकाळी मी पेज भरवताना सवयीने टिळकांचं एक पद गुणगुणत होते. बाबांचे ओठ हलले. पुढची ओळ त्यांनी म्हटली, शब्दासकट, सुरासकट! चमचा माझ्या हातातच राहिला. डॉक्टर म्हणाले, असं होतं. बोलणं गेलं तरी कधी कधी गाणं शाबूत राहतं. पटलं मला. तरी त्या खोलीत त्या क्षणी आम्ही दोघंच नव्हतो, हेही मला तितकंच ठाऊक आहे.

त्याआधी मी देवावर लिहायची ते सगळं ‘हे सर्वसमर्था, हे परमपित्या’ असं. शब्द मोठे होते, पण त्यांत माझं घर कुठेच नव्हतं. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू म्हणतो, भुकेल्याला खायला दिलंत ते मलाच दिलंत. हे लहानपणापासून पाठ होतं. कळलं ते पेजेच्या वाटीपाशी. आणि पेज, वाटी, थरथरणारी हनुवटी हे सगळं अंगावर घेऊन चालणारा छंद माझ्या भाषेत एकच आहे, अभंग, ज्यात दळणकांडण करता करता देवाशी बोलता येतं.

दुसऱ्या दिवशी वाशी लोकलमध्ये, ऐरोली ते घणसोलीच्या दरम्यान, मोबाइलवर लिहिलं:

पेजेचा हा घास । फुंकून मी देते ।
तेथे तुझे होते । येणे, प्रभो ॥

अक्षरं सहा, सहा, सहा, चार, अभंगाच्या मापात. नवं काही लिहिलं की मी आधी बाबांना वाचून दाखवते. ते डाव्या हाताच्या बोटांनी पलंगाच्या कडेवर ताल धरतात. पहिल्या खर्ड्यात ‘तेथेच तुझे होते’ असं होतं. त्यांची बोटं तिथे अडली. मी पुन्हा वाचलं, पुन्हा अडली. मग मी ‘च’ काढून टाकला.