तुम्ही विचारलंत म्हणून: मॉर्फीनचा दोन तारांचा बास

मॉर्फीन या अमेरिकी बँडचं नाव निघालं की दोन प्रश्न हमखास येतात. गिटारच नाही, तर हा रॉक बँड कसा? आणि त्यांचा गायक मार्क सँडमन गेल्यावर दुसरा गायक घेऊन ते पुढे का गेले नाहीत? दोन्हींचं उत्तर सँडमनच्या बासमध्ये, म्हणजे खालचे सूर देणाऱ्या बास गिटारमध्ये आहे.

१९८९च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला हे तिघे जमले: बास आणि गाण्याला सँडमन, बॅरिटोन सॅक्सोफोनवर डेना कॉली, ड्रमवर जेरोम डुप्री. पुढे डुप्रीच्या जागी बिली कॉनवे आला. बासला एरवी चार तारा असतात. सँडमन दोनच ठेवायचा, बहुधा पंचमात लावलेल्या, म्हणजे आपल्या तानपुऱ्यातले सा-प, आणि बोटात स्लाइड, म्हणजे तारेवर सरकवायची नळी. त्यामुळे सूर मींडेसारखा घसरत जागेवर येतो.

करून पाहायचं असेल तर साध्या बासवरच्या ए आणि डी या दोन तारा ठेवा. त्यांच्यात सा-म एवढं अंतर असतं. डी एक पूर्ण स्वर चढवून ई केली की पंचम जुळतो. ए उतरवून जी केली तरी जुळतो, पण तार ढिली पडते आणि स्लाइडखाली पडद्यांवर खडखडते. दोन तारा काढल्यावर ताण जवळपास निम्मा होतो, मान मागे झुकते, तारा पडद्यांना टेकतात. ट्रस रॉड, म्हणजे मानेतली तिचा बाक जुळवणारी सळई, एका वेळी पाव फेराच सैल करा. बोट पडद्याच्या मागे ठेवतात, स्लाइड मात्र बरोबर पडद्याच्या धातूच्या पट्टीवर हवी. केसभर मागे राहिली तरी सूर उतरतो. स्लाइडच्या मागचं बोट तारेवर हलकं टेकवून ठेवा, नाहीतर तिकडचा भागही किणकिणतो.

खरी अडचण पुढे येते. बास, बॅरिटोन सॅक्स आणि सँडमनचा खर्जातला आवाज, तिन्ही खालच्याच पट्टीत. अशाने गाळ होतो. त्यांनी तो जागा सोडून टाळला: बास दोन-तीन सुरांचं आवर्तन धरून बसतो, आवाज त्याच्या वर बोलल्यासारखा, आणि सॅक्स ओळ संपल्यावरच भरून येतो. कॉली कधी टेनर आणि बॅरिटोन असे दोन सॅक्स एकदम तोंडात धरायचा. प्रत्येकाला एकच हात मिळत असल्याने सूर मोजकेच, पण घुमारा दोघांचा. मोबाइलच्या स्पीकरवर हे कळणारच नाही. हेडफोन लावा.

१९९३च्या 'क्युअर फॉर पेन' या अल्बमने त्यांचं नाव केंब्रिजबाहेर पोचवलं आणि १९९७चा 'लाइक स्विमिंग' ड्रीमवर्क्स या रेकॉर्ड कंपनीने काढला. ३ जुलै १९९९ला, रोमजवळच्या पॅलेस्ट्रीनात, मंचावर वाजवतानाच सँडमन हृदयविकाराच्या झटक्याने कोसळला आणि गेला. वय ४६. हे लिहिताना आजही हात जड होतो.

आवाज आणि बास एकाच माणसाचे, एकाच श्वासावर चाललेले. ओळीत कुठे थांबायचं ते त्याचा डावा हात ठरवायचा. नुसता गायक आणून ती जागा भरणार कशी? कॉली आणि कॉनवेने बँड थांबवला, आणि आमच्या मते तेच बरोबर होतं. पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्रा मॉर्फीन या नावाने मोठा ताफा जमवून त्यांनी ती गाणी वाजवत दौरा केला.

'द नाइट' हा शेवटचा अल्बम सँडमनच्या हयातीतच ध्वनिमुद्रित झाला होता, बाहेर आला २००० साली. त्यात चेलो आहे, ऑर्गन आहे, डुप्री आणि कॉनवे दोघांचे ड्रम आहेत. बँड कुठल्या दिशेने निघाला होता ते त्यात ऐकू येतं.