आजी तेलुगूत बोलत होत्या

नर्स म्हणून कॅज्युअल्टीत ड्यूटी लागली तेव्हा जीसीएस, म्हणजे पेशंट किती शुद्धीवर आहे हे मोजायचा ग्लासगो कोमा स्केल, मला तोंडपाठ होता: डोळे 4, बोलणं 5, हालचाल 6, एकूण 15. ग्लासगोच्या दोन न्यूरोसर्जननी 1974 साली दिलेली ही मोजपट्टी. कन्कशनमध्ये, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदू हादरतो तेव्हा, गुण बहुधा 13 ते 15च येतात, सीटीही बऱ्याचदा नॉर्मल, म्हणून सगळी भिस्त आमच्या विचारण्यावर.

सोलापुरात गड्ड्याचे, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर जत्रेचे, दिवस होते. शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातल्या सत्तरीच्या एक आजी न्हाणीघरात घसरलेल्या, डोक्यामागे टेंगूळ. "आजी, कुठला महिना चालू आहे?" त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या, मग तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या. मी बोलण्याचे 4 लिहिले. म्हणजे गोंधळलेल्या. इनचार्ज सिस्टरनी कागद बघितला आणि सुनेला पुढे बोलावलं, "तुमच्या भाषेत विचारा." सुनेनं विचारल्यावर आजी लगेच बोलल्या, वर हातवारेही केले.

सून म्हणाली, "संक्रांत झाली की, म्हणतेत. गड्ड्याला कधी नेणार, विचारतेत."

15 पैकी 15. तो 4 खोडताना माझा हात थरथरत होता.

तरी आजींना घरी सोडलं नाही. वय पासष्टच्या पुढं आणि रक्त पातळ करायची गोळी चालू. म्हातारपणी मेंदू आक्रसतो, शिरा ताणल्या जातात, रक्तस्राव सावकाश होतो आणि लक्षणं उशिरा दिसतात. सीटी नॉर्मल आला, तरी पहिले दोन तास दर अर्ध्या तासानं, पुढचे चार तास तासातासानं टॉर्चनं डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या. प्रत्येक वेळी सुनेला विचारलं, "रोजच्यासारख्याच आहेत ना?"

हाच प्रश्न मग मी सगळीकडे विचारू लागले. पलंगावरून पडलेल्या नऊ महिन्यांच्या बाळाला महिना कोण विचारणार? आईला विचारायचं: दूध ओढतंय का, रडणं नेहमीचं वाटतंय का. टाळू बाळ शांत असताना, उभं धरून बघायची, रडताना ती फुगतेच. कपाळावरच्या टेंगळापेक्षा बाजूच्या किंवा मागच्या टेंगळाची मला जास्त धास्ती वाटते.

चौदा-पंधरा वर्षांची पोरं मात्र लपवतात. एक कबड्डीवाला सारखा म्हणत होता, "काही नाही सिस्टर, उद्या मॅच आहे." वडिलांना बाहेर बसवलं तेव्हा कबूल झाला: डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर जिवावर बेतू शकतं, हे मी त्याला शेजारी बसून समजावलं. तो रडला. मॅच चुकली.

आता निरीक्षणाच्या कागदावर गुणांच्या आधी मी एक ओळ लिहिते: प्रश्न कुठल्या भाषेत विचारले, आणि उत्तर सांगायला कोण होतं.