गॅस भरपूर, तारे मोजकेच

एनजीसी ३७४१ नावाची एक बारकी दीर्घिका आहे, सप्तर्षीच्या बाजूला, साधारण १ कोटी प्रकाशवर्षं लांब. फोटोत निळसर डाग दिसतो, बाकी काही नाही. पण २००५ मध्ये आयेशा बेगम, जयराम चेंगलूर वगैरे खगोलशास्त्रज्ञ मंडळींनी आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने तिच्यातला हायड्रोजन बघितला, तर तो दिसणाऱ्या भागाच्या आठपटीहून जास्त लांबपर्यंत पसरलेला निघाला! म्हणजे पिठाची पोती भरलेली आणि भाकरी एखादीच.

पुढे त्यांनी अशा साठेक फिकट दीर्घिकांचा सर्व्हे केला, त्याचं नाव फिग्ज. मग हा गॅस आणि गॅलेक्स दुर्बिणीने टिपलेला अल्ट्राव्हायोलेट प्रकाश शेजारी ठेवून बघितलं. तारे बनायचा रेट मोठ्या सर्पिल दीर्घिकांपेक्षा बराच कमी, पण गॅस अमुक इतका विरळ झाला की काम एकदम बंद, असंही नाही.

कमी का, तर गॅस पातळ आहे आणि धूळ फारच कमी. तारे बनतात ते रेणू झालेल्या गॅसमधून. हायड्रोजनचे अणू जोडीने रेणू बनतात ते मुख्यतः धुळीच्या कणांवर, आणि धूळ लागते ती आधीच्या ताऱ्यांनी बनवलेल्या जड मूलद्रव्यांची, जी इथे नाहीच कारण आधी तारेच कमी झालेत. बसा फिरत.

मला सगळ्यात भारी वाटतं ते मोजमापाचं लफडं. तारे बनतायत का हे बघायला लोक एच-अल्फा म्हणजे तापलेल्या हायड्रोजनचा लाल प्रकाश बघतात, पण तो पेटवायला एकदम वजनदार तारे लागतात आणि ते काही दशलक्ष वर्षांतच संपतात. दीर्घिका एवढी संथ असेल तर आत्ता, या घडीला, तसा एकही तारा नसू शकतो. अल्ट्राव्हायोलेटमध्ये मात्र गेल्या १० कोटी वर्षांतल्या ताऱ्यांचा हिशोब येतो, त्यामुळे तीच दीर्घिका एकीकडे बंद आणि दुसरीकडे चालू दिसते.

लिओ पी ही अशीच बारकी दीर्घिका बघा. अरेसिबो या रेडिओ दुर्बिणीच्या हायड्रोजन सर्व्हेत सापडली, २०१३ मध्ये जाहीर झाली. जड मूलद्रव्यं सूर्याच्या ३ टक्के वगैरे. एच-अल्फात चमकणारा ढग अख्ख्या दीर्घिकेत एकच आणि तो पेटवणारा तारा पण एकच. तो संपला की एच-अल्फावाले लिहिणार, इथे काम बंद.