साडू आणि निवड समिती

26 एप्रिल 2024. लोकसभेचा दुसरा टप्पा. परभणी, हिंगोली आणि नांदेड या तिन्ही मतदारसंघांत त्या दिवशी मतदान होतं. मी गंगाखेडकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवायचो आणि ड्युटी निघाली जिंतूर तालुक्यातल्या एका गावात, केंद्राध्यक्ष म्हणून. आता निवृत्त झालोय, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

निवडणुकीची ड्युटी केलेल्यांना रँडमायझेशन, म्हणजे सरमिसळ, माहीतच असते. संगणक कर्मचाऱ्यांची नावं तीनदा पिसतो. आधी ठरतं कोणाला घ्यायचं, मग कोणत्या विधानसभा क्षेत्रात आणि कोणाच्या पथकात, आणि शेवटी कोणत्या केंद्रावर. साहित्य घ्यायला गेल्यावर गावाचं नाव कळतं, तोपर्यंत पथकातल्या माणसांची एकमेकांशी धड ओळखही नसते. हेतू एकच: कोणाला कुठं पाठवायचं हे कोणाच्याच हातात राहू नये.

पण आपल्याकडं सोयरिकी होतात त्या दोन-तीन तालुक्यांच्या आत. संगणक तिथं काय करणार? आम्ही संध्याकाळी झेडपीच्या शाळेत सामान उतरवलं, आणि आमच्या पहिल्या मतदान अधिकाऱ्यांना ओट्यावरून हाक आली, "काय साडू, इकडं कुठं?" हाक मारणारा एका उमेदवाराचा बूथ एजंट होता.

रात्री त्याच्या घरून डबा आला. पिठलं, ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, वर फडक्यात बांधलेला कांदा. आम्ही पाया पडून परत पाठवला. पोषण आहाराच्या स्वयंपाकीणबाईंना पैसे देऊन खिचडी सांगितली होती, तीच खाल्ली. डबा शाळेत येताना अर्ध्या गावानं पाहिला. परत गेला तेव्हा मात्र अंधार झाला होता.

पहाटे साडेपाचला मॉक पोल. सगळ्यांच्या एजंटांसमोर किमान पन्नास मतं टाकायची, मोजून दाखवायची, मशीन क्लिअर करायचं, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सील करायच्या. हे चालू असताना दुसऱ्या बाजूचा एजंट उठला. तिशीतला पोरगा, कापसाची शेती करणारा. म्हणाला, "सर, आमची हरकत हाय. पहिले साहेब ह्यांचे साडू हायत. माणूस चांगला आसंल, आमचं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मतदार यादी त्यांच्याच हातात राहणार ना?"

मुद्दा बरोबर होता. पहिला मतदान अधिकारी मतदाराची ओळख पटवतो, यादीत खूण करतो. तंटा उभा राहतो तो बहुधा त्याच टेबलावर. कायद्यानं पाहिलं तर साडू असायला बंदी नाही. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 26 प्रमाणे उमेदवारानं कामाला ठेवलेला किंवा त्याच्यासाठी काम करणारा माणूस मतदान अधिकारी चालत नाही, एवढंच. आमचे पहिले मतदान अधिकारी, म्हणजे गुरुजी, त्यात बसत नव्हते. सज्जन माणूस. तेवढ्यात त्यांचा चेहरा उतरला, "वीस वर्षांत कोणी बोट दाखवलं नाही," म्हणाले.

मी झोनल अधिकाऱ्यांना फोन लावला. ते आधी वैतागले, मग राखीव कर्मचारी जीपमध्ये घालून घेऊन आले. सात वाजायच्या आत अदलाबदल झाली. गुरुजींची गेल्यावरही चूक कोणीच काढली नाही. हरकत घेणाऱ्यानंसुद्धा नाही.

दिवस नेहमीसारखा गेला. दुपारी एकच्या पुढं उन्हानं रांग मोडली, चारनंतर बाया आल्या आणि पुन्हा लागली. सहाला मतदान बंद करून 17सीच्या, म्हणजे झालेल्या मतांच्या हिशेबाच्या नमुन्याच्या, प्रती सगळ्या एजंटांना दिल्या, सह्या झाल्या, मशीन सील झालं. मग एसटीची वाट. ती आधीच्या तीन केंद्रांवरून पथकं गोळा करत येणार होती.

तो कापूसवाला पोरगा जवळ येऊन बसला. "सर, आता विचारलं तर चालंल ना? तुम्ही सकाळी साडू हाय म्हणून माणूस बदलला. मग दिल्लीला तुमच्या सगळ्यात मोठ्या सायबाला कोण नेमतं?"

दिवसभर गप्प राहिलेला मास्तर मग सुटलाच. मी त्याला सांगितलं की ह्याच निवडणुकीची गोष्ट घे. 9 मार्चला निवडणूक आयुक्त अरुण गोयल यांनी राजीनामा दिला. त्याआधीच एक आयुक्त निवृत्त झाले होते. तिघांच्या आयोगात उरले एकटे मुख्य आयुक्त. 14 मार्चला आयुक्त निवडणारी समिती बसली, दोन नवे आयुक्त नेमले गेले, आणि 16 ला निवडणूक जाहीर झाली. समितीत पंतप्रधान, पंतप्रधानांनीच नेमलेला एक केंद्रीय मंत्री आणि लोकसभेतला विरोधी पक्षनेता, तो नसेल तर सर्वात मोठ्या विरोधी पक्षाचा नेता. त्या वेळी हे तिसरे होते अधीर रंजन चौधरी. त्यांनी बाहेर येऊन सांगितलं की आदल्या रात्री 212 नावांची यादी हातात पडली आणि बैठकीच्या काही मिनिटं आधी त्यातली सहा नावं कळली.

"म्हणजे दोन विरुद्ध एक," तो म्हणाला. "बैठक घ्यायचीच कशाला?"

साडू एजंट सकाळपासून फुगून बसलेला होता. तो आता उसळला. "सर, अर्धंच सांगू लालेत तुम्ही. आधी काय होतं? एकटे पंतप्रधानच नाव द्यायचे ना? आता निदान विरोधक आत बसतो. आणि शेषन काय आभाळातून पडले होते?"

हा माणूस मला आवडला. त्याचं म्हणणं खरं होतं. 1950 पासून राष्ट्रपती सही करायचे आणि नाव सरकार द्यायचं. घटनेच्या कलम 324 मध्ये संसदेनं याचा कायदा करावा अशी सोय ठेवलेली, पण कुठल्याच पक्षाच्या सरकारनं तो केला नाही. शेषन डिसेंबर 1990 मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त म्हणून सरकारच्याच मर्जीनं आले आणि सगळ्याच पक्षांना जड गेले. पण मर्जीनं आलेला प्रत्येक जण शेषन निघेल असं धरून चालता येत नाही. जून 1949 मध्ये घटना समितीत हीच चर्चा झाली. शिब्बनलाल सक्सेना यांची मागणी होती की नेमणुकीला संसदेच्या दोन तृतीयांश मतांची मान्यता असावी. बाबासाहेबांनी अडचण मान्य केली. आयुक्ताची मुदत कितीही पक्की केली तरी सरकारच्या अंगठ्याखाली राहणारा माणूस नेमायला घटनेत अडकाव नाही, हे त्यांनी सरळ बोलून दाखवलं. त्यावर पुरता तोडगा मात्र तेव्हा निघाला नाही.

2 मार्च 2023 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी अनूप बरनवाल खटल्यात सांगितलं की कायदा होईपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश मिळून नाव सुचवतील. डिसेंबरात संसदेनं कायदा केला. त्यात सरन्यायाधीशांच्या खुर्चीवर मंत्री आला. मला विचाराल तर सगळं प्रकरण त्या एका खुर्चीत आहे. सरन्यायाधीश असले म्हणजे माणूस निःपक्षच मिळेल असं नाही, पण निकाल बैठकीआधी लागलेला नसता. नेमलेले आयुक्त प्रामाणिक असतील, मी कोणावर बोट दाखवत नाही. गुरुजीही प्रामाणिकच होते.

"म्हणजे आमच्या साडूला एक न्याय आन्‌ दिल्लीला एक," साडू एजंट म्हणाला. माझ्या बाजूनं बोलतोय की विरुद्ध, ते त्यालाही कळलं नसावं. एवढ्यात एसटी आली.

कापूसवाल्याकडं माझा नंबर राहिला होता. 2025 च्या फेब्रुवारीत त्याचा फोन आला. 17 तारखेला समितीची बैठक झाली होती, राहुल गांधींनी लेखी असहमती दिली होती आणि त्याच रात्री ज्ञानेश कुमार यांची मुख्य आयुक्त म्हणून नेमणूक जाहीर झाली होती. या कायद्याविरुद्धच्या याचिका 19 तारखेला कोर्टात लागणार होत्या.

"दोन दिवस थांबले आसते तर काय बिघडलं असतं, सर?"

मी सांगितलं की आधीचे मुख्य आयुक्त राजीव कुमार 18 ला निवृत्त होणार होते, पद रिकामं राहिलं असतं.

"राखीव माणूस नसतो का वर?"

"आयोगात आणखी दोन आयुक्त होते की," मी म्हटलं.