सासूबाईंच्या पणजोबांचं जॉन्सटाउन

माझ्या सासूबाईंचे पणजोबा जर्मनीतल्या हेसेनमधून अमेरिकेत आले आणि पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउनला तारेच्या कारखान्यात लागले. घरात त्यांचा विषय निघाला की पुराशिवाय दुसरं बोलणंच होत नाही. मी पुण्याची, माझ्या आजीने पानशेतचा पूर पाहिलेला, त्यामुळे ही गोष्ट मीही पहिल्यांदा जीव मुठीत धरून ऐकली होती.

३१ मे १८८९, शुक्रवार. गावाच्या वर सुमारे २२ किलोमीटरवर साउथ फोर्कचं मातीचं धरण होतं. त्याचा तलाव पिट्सबर्गच्या धनिकांच्या क्लबाकडे होता. कार्नेगी आणि फ्रिक हे पोलादसम्राटही त्याचे सभासद. गावातल्या कॅम्ब्रिया आयर्न कंपनीचे व्यवस्थापक डॅनियल मॉरेल यांनी १८८० मध्येच इंजिनिअर पाठवून धरणाची पाहणी करवली होती आणि क्लबाला धोका कळवला होता. क्लबाने तो उडवून लावला. त्या दुपारी धरण फुटलं आणि तासाभरात पाणी गावावर आलं. २,२०९ माणसं गेली. कोर्टात क्लबाचं कुणीच जबाबदार ठरलं नाही. हे लिहितानासुद्धा माझा संताप होतो.

पणजोबांचं बिऱ्हाड प्रॉस्पेक्ट हिलवर, म्हणजे उंचावर होतं. नद्या चढायला लागल्या म्हणून कारखान्याने सकाळीच माणसं घरी सोडली होती. त्यामुळे ते वाचले, बायको-मुलंही वाचली. ‘आपलं कुणी गेलं नाही’ हे वाक्य या घरात चार पिढ्या चालत आलंय.

पण पूर एका दिवसाचा. त्याच्या आधी आणि नंतर मिळून हा माणूस जवळजवळ तीस वर्षं तिथे राबला, त्याबद्दल कुणाला काहीच सांगता येत नव्हतं. मला ते खुपायचं. मग सासूबाई आणि मी मिळून कागद शोधायला बसलो.

ते १८८१ मध्ये बाल्टिमोरला उतरले. तिथे लोकस्ट पॉइंटच्या धक्क्यावर जर्मन बोटी लागत आणि रेल्वेही थेट तिथवर येई, म्हणजे बोटीतून उतरलं की सामानासकट डब्यात. १८९० च्या जनगणनेचे जवळजवळ सगळे कागद १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत गेले, त्यामुळे आमच्यासाठी ती वाट बंदच. उरलं काय, तर नागरिकत्वाचा अर्ज, गावाच्या डिरेक्टरीतली एक-एक ओळ आणि चर्चची जर्मन वही.

डिरेक्टरीत नावापुढे काम लिहिलंय, तार ओढणारा. कारखाना गॉटियरचा, कॅम्ब्रिया आयर्न कंपनीचाच एक भाग. तिथे काटेरी तारही बनायची. जाड सळई आधी आम्लात बुडवून तिच्यावरचा पापुद्रा काढायचा, मग चुन्याच्या पाण्यात घालायची, आणि मग पोलादी पट्टीच्या भोकातून थंडच ओढायची. प्रत्येक वेळी भोक आणखी बारीक. ओढून ओढून तार कडक झाली की भट्टीत तापवून मऊ करायची आणि पुन्हा ओढायची. आम्लाच्या वाफेत रोज उभं राहायचं. तेव्हा लोखंड-पोलादाच्या कारखान्यांत बारा तासांची पाळी सर्रास असे, आणि दिवसपाळी-रात्रपाळीची अदलाबदल होताना सलग चोवीस तास काम पडे. किराणा, कापड, बूट घ्यायला कंपनीचंच दुकान, वुड, मॉरेल अँड कंपनी.

पुराने गॉटियरचा कारखाना उचलून नेला. दगडी पुलाशी अडकलेल्या ढिगाऱ्यात मैलोन्‌मैल काटेरी तार गुंतलेली होती, आणि तो ढिगारा पेटला तेव्हा त्यात अडकलेल्यांना बाहेर काढणं अवघड झालं ते त्या तारेमुळेही. त्यातली काही यांच्या हातून गेलेली असणार. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि हे पुन्हा त्याच कामावर गेले. त्यांना तेव्हा काय वाटलं असेल, याचा मी खूप विचार करते.

खरं हादरवलं ते १९०० च्या जनगणनेने. त्या वर्षी प्रत्येक आईला विचारलं होतं, मुलं किती झाली आणि त्यातली हयात किती. पणजीबाईंच्या ओळीत आकडे आहेत ७ आणि ४. सासूबाई कितीतरी वेळ त्या दोन आकड्यांवर बोट ठेवून बसल्या. तीन मुलं गेली होती आणि त्यांची नावंसुद्धा घरात कुणी ऐकलेली नव्हती. पुरात गेली असती तर ग्रँडव्ह्यूच्या दफनभूमीत, निदान पुरात गेलेल्या, ओळख न पटलेल्या ७७७ लोकांच्या संगमरवरी थडग्यांच्या रांगांत, कुणीतरी फूल ठेवलं असतं. यातली निदान दोन गेली ती घसा सुजून, तापाने, कारखान्याच्या धुरातल्या दोन खोल्यांत.

दोघांच्या नोंदी चर्चच्या वहीत मिळाल्या, १८९१ आणि १८९४ च्या. मुलगी तीन वर्षांची, मुलगा अकरा महिन्यांचा. दोघांचंही कारण घटसर्प. तिसऱ्याचा पत्ता नाही. वही जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरात आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन बोलणंच संशयाचं झालं, तेव्हा घरातली जर्मन सुटली. त्यामुळे आज सासूबाईंना ती अक्षरं पहिल्यापासून गिरवावी लागताहेत. वयाच्या पंचाहत्तरीत रोज सकाळी अर्धं पान लावतात. सध्या १८८६ पर्यंत आल्या आहेत.