पेलिंग: वर, अजून वर

न्यू जलपायगुडीहून पश्चिम सिक्कीममधलं पेलिंग फार तर दीडशे किलोमीटर, पण जीपला सात तास लागले. जोरथांगच्या पुढे वळणं अशी की आईने मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरली, ती थेट हॉटेलच्या दारात सोडली. पाच वाजायच्या आतच अंधारून आलं होतं. नोव्हेंबरात तिकडे दिवस लवकर आवरतो.

आमच्या खोलीच्या भाड्यात कांचनजंगा धरलेला होता. पहाटे पाचला शाली गुंडाळून बाल्कनीत बसलो, तर समोर नुसता ढग. मी मोबाइल सरसावून समोरच्या डोंगराच्या कडेवर नजर लावून बसले होते. पैसे वाया गेले, हा विचार मनात येतोय तोच आई म्हणाली, "अगं, ते काय गुलाबी झालंय?"

"कुठे?"

"वर गं. अजून वर."

मान वर केली. जिथे मी आकाश धरून चालले होते, तिथे बर्फ होता. ढग खाली आणि त्याच्या वर, कशालाच न टेकल्यासारखा, पर्वत. सह्याद्रीत वाढलेल्या डोळ्यांचा अंदाजच चुकतो. पेलिंग मुळात कळसूबाईपेक्षा उंच. तिथून ८,५८६ मीटरच्या शिखरापर्यंत उंची मोजायची तर अजून जवळजवळ चार कळसूबाई एकावर एक ठेवाव्या लागतील. गुलाबीचं केशरी झालं, केशरीचं पांढरं. डावीकडचं काब्रू आणि उजवीकडचं पांदिम हॉटेलच्या आचाऱ्याने येऊन ओळखून दिलं. फोटो काढायचे राहिलेच. सातपर्यंत सगळं पुन्हा ढगात.

तिथल्या लोकांसाठी हा पर्वत राखणदार देव आहे. १९५५ साली जो ब्राउन आणि जॉर्ज बँड पहिल्यांदा वर पोचले, तेही सिक्कीमच्या राजाला, म्हणजे चोग्यालला दिलेल्या शब्दाप्रमाणे माथ्याच्या काही फूट अलीकडे थांबले. हे मी आईला सांगितलं तर तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. "गाभाऱ्यात कोण पाय ठेवतं?" एवढंच म्हणाली.

काचेचा स्कायवॉक आणि तिथली १३७ फुटी चेनरेझिगची, म्हणजे बोधिसत्त्व अवलोकितेश्वराची मूर्ती पाहिली. मूर्ती देखणी आहे, पण काचेवर माणसं सेल्फीसाठी इतकी दाटली होती की पायाखालची दरी दिसेना. ते चुकलं तरी चालेल.

पेमायांगत्से मात्र चुकवू नका. १७०५ सालचा हा मठ वरच्या पेलिंगपासून चालत जाण्यासारखा आहे. आत फोटोला मनाई, हे फार बरं. तळमजल्यावर तिबेटात बौद्ध धर्म रुजवणाऱ्या गुरू पद्मसंभवाची मूर्ती, तुपाच्या दिव्यांचा जड वास, पायाखाली थंडगार फळ्या. उभ्या जिन्याने सगळ्यात वर गेलं की काचेच्या कपाटात एक सात मजली लाकडी महाल दिसतो: पद्मसंभवाचा स्वर्ग, झांगदोक पाल्री. डुंगझिन रिन्पोचे यांनी तो एकट्याने, पाच वर्षं खपून कोरला. इंद्रधनुष्यं, राक्षस, खिडक्यांतून डोकावणारे बोटाएवढे बुद्ध. आई कपाटाभोवती फिरत राहिली. तिसऱ्या फेरीला लक्षात आलं, ती बघत नव्हती, प्रदक्षिणा घालत होती.

खाली राब्देन्त्सेचे अवशेष. १६७० पासून ही सिक्कीमची राजधानी, पुढे गोरख्यांच्या स्वाऱ्यांत उद्ध्वस्त झाली. जंगलातून दमवणारी वाट चढून गेलं की जोती, पडक्या भिंती आणि ओळीने उभे तीन चोर्तेन, म्हणजे स्तूप. आपल्या एखाद्या गडावरच्या वाड्याच्या जोत्यावर बसल्यासारखंच वाटतं. फक्त इथे बुरूज नाहीत, आणि जंगल भिंतींना टेकलेलं आहे.

संध्याकाळी हॉटेलच्या दीदींनी तोंगबा आणून ठेवली. बांबूच्या उभ्या भांड्यात आंबवलेलं धान्य काठोकाठ, वरून उकळतं पाणी, आणि ओढायला बांबूचीच नळी. आईने नको म्हणून हात हलवला, मग भांड्यात डोकावली, चार दाणे चिमटीत घेतले, चोळले, वास घेतला.

"अगं, ही तर नाचणी!"

होतीच नाचणी. तिकडे तिला कोदो म्हणतात. संगमेश्वराकडे जन्मभर नाचणीच्या भाकऱ्या थापलेल्या बाईला ती सिक्कीममध्ये अशी भेटली. दारूला नाही म्हणता येतं, नाचणीला कसं म्हणणार? "आंबिलीसारखीच लागते, जरा कडक," असा पहिल्या घोटानंतर निकाल आला. दीदी म्हणाल्या, चव उतरेपर्यंत तीन-चार वेळा पाणी घालता येतं. आईने तिन्ही वेळा घालून घेतलं.

घरी कुणाला सांगू नकोस, असं तिने मला जिन्यातच बजावलंय. लिहू नकोस असं मात्र म्हणाली नव्हती.